दिव्यांगांना कामावर ठेवण्याबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेले पंधरा दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. वर 'छोट्या उद्योजकांनो सावधान' आणि खाली मुद्दे. घरगुती व्यवसायवाले दिव्यांगांना सरकारी पैशासाठी ठेवतात, त्यांचं काम निम्म्या स्पीडने होतं, म्हणून पगारही निम्माच द्यावा आणि ते त्यातही खूश असतात, मशीनवर काही झालं तर मालक आत, आणि शेवटी 'सेवा करायची तर देणगी द्या, धंद्यात भावना आणू नका'. मी सोडून देणार होते. पण परवा आमच्याकडे पॅकिंगला असलेल्या एका मुलाच्या आईने तोच मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'ताई, तुम्हाला आमच्या पोराचा त्रास होतो का?' ते वाचून मला रात्री जेवण गेलं नाही, म्हणून लिहितेय.

आमचा कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे, गडहिंग्लज भागात. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एका डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, सुरू केला, आता मी, माझे मिस्टर आणि धाकटे दीर मिळून बघतो. कामाला चौदा माणसं, त्यातली पाच दिव्यांग. तिघंजण कर्णबधिर, एका ताईंना लहानपणी पोलिओ झालेला, त्या बिलं आणि जीएसटीचं बघतात, आणि पाचवा हा बावीस वर्षांचा मुलगा, त्याला डाऊन सिंड्रोम आहे.

आधी सरकारी पैशाचं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात ४ टक्के राखीव जागा आहेत त्या सरकारी नोकऱ्यांत. आमच्यासारख्या खाजगी धंद्याला राखीव जागांची सक्ती नाही. कलम ३५ मध्ये एवढंच आहे की खाजगी ठिकाणी किमान ५ टक्के दिव्यांग कर्मचारी असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं. केंद्राची एक योजना २००८ साली आली, त्यात मालकाने भरायचा पीएफ आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, हिस्सा तीन वर्षं सरकार भरणार असं होतं. म्हणजे हिस्सा भरणार, मालकाच्या खिशात काही पडणार नाही. आम्ही तीही घेतली नाही, आमचे हिस्से आम्हीच भरतो.

आता स्पीडचं, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार कारण लोकांचा खरा गैरसमज इथेच आहे. हा मुलगा आला तेव्हा आम्ही त्याला मसाला मिक्सिंगला मदतीला दिला आणि तोंडी सांगितलं, धणे इतके किलो, खोबरं इतकं, तीळ इतके. दुसऱ्याच आठवड्यात एक अख्खा घाणा चुकला, चाळीस किलो माल बाजूला काढावा लागला. दीर भडकले, 'वहिनी, मी आधीच सांगत होतो.' मीही त्या दिवशी गप्प बसले. पण चूक त्याची नव्हती, त्याला आकडे समजत नाहीत हे आम्हाला माहीत होतं आणि तरी आम्ही त्याला आकड्यातच काम सांगितलं.

नंतर मला जपानमधल्या एका खडूच्या कारखान्याबद्दल वाचायला मिळालं, निहोन रिकागाकू नाव, टोकियोजवळ कावासाकीला, तोही एका कुटुंबाचाच. १९६० च्या सुमारास एका विशेष शाळेच्या शिक्षकांनी पुन्हा पुन्हा येऊन विनंती केली म्हणून त्यांनी बौद्धिक दिव्यांग असलेल्या दोन मुलींना थोड्या दिवसांसाठी घेतलं, आणि मुदत संपल्यावर बाकीच्या कामगारांनीच मालकाला सांगितलं की यांना कायम ठेवा. आज तिथे सत्तर टक्क्यांच्या वर कामगार असेच आहेत. त्यांनी काय केलं, तर आकडेच काढून टाकले. लाल डब्यातला माल लाल वजनाने मोजायचा, निळ्यातला निळ्याने, आणि मिक्सर किती वेळ चालवायचा ते घड्याळाऐवजी वाळूच्या घड्याळावर, वाळू संपली की बंद.

आम्ही तेच उचललं. धण्याच्या डब्याला हिरवी पट्टी आणि हिरव्या रंगाचं वजन, खोबऱ्याला पांढरं, तिळाला पिवळं. खर्च ऑइलपेंटच्या चार डब्यांचा. तेव्हापासून त्याचा एकही घाणा चुकलेला नाही, आणि खरं सांगते, बाकीच्यांच्या चुकाही कमी झाल्या, कारण सीझनमध्ये दमलेलं माणूस आकडा विसरतं, रंग विसरत नाही. तो सावकाश करतो का? हो, पाऊच सील करायला इतरांपेक्षा जास्त वेळ लावतो. पण त्याचे पाऊच दुकानातून फुटून परत येत नाहीत. कर्णबधिर तिघांचं तर स्पीडचं बोलायलाच नको, मिरचीचे देठ काढण्यात त्यांच्या पुढे कोणी जात नाही. आम्हाला फक्त हाक मारायची सवय मोडावी लागली, डंकाजवळ बोलवायला आता दिवा लावतो, आणि आमच्या मुकादम मावशी साठीला आल्यात, त्या खुणांची भाषा शिकल्या.

निम्म्या पगाराचा मुद्दा वाचून माझा संताप झाला. किमान वेतन कायद्यात, १९४८ च्या, दिव्यांग कामगारांच्या बाबतीत सूट द्यायचा अधिकार सरकारला दिलेला होता, सरकारला, मालकाला नाही. मालकाने मनाने ठरवायचं की याला निम्मे पुरेत, असं कधीच नव्हतं. आणि 'ते खूश असतात' हे कोणी विचारलं त्यांना? आमच्या पोलिओवाल्या ताई आधी एका दुकानात होत्या, तिथे इतरांपेक्षा कमी पैसे आणि वर 'तुला बसून काम आहे' हे रोज ऐकायचं. तिथे त्या हसतमुख असायच्या कारण दुसरीकडे कोणी घेत नव्हतं. आमच्याकडे जे काम त्याचा तोच पगार, हे मामांनी पहिल्या दिवशीच ठरवलं, कारण आमच्या नणंदबाई स्वतः कर्णबधिर आहेत आणि त्यांना लोकांनी काय काय ऐकवलंय ते मामांनी बापाच्या जिवाने ऐकलंय.

अपघाताचं थोडक्यात सांगते. आमच्याकडे आजवर एकच मोठा अपघात झाला, बेल्टमध्ये बोटं गेली ती धडधाकट, अनुभवी माणसाची, कारण बेल्टला जाळी नव्हती. ती चूक आमची, जाळी दुसऱ्या दिवशी बसली. उपचार ईएसआयमधून झाले. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय लागतंच, आणि दिव्यांग कामगारासाठी तर त्यात बसायची महिन्याच्या पगाराची मर्यादाही जास्त आहे, इतरांना २१ हजार, त्यांना २५ हजार.

राहिलं 'भावना आणू नका'. आमच्या पाकिटावर यातलं एक अक्षर छापलेलं नाही. गिऱ्हाईक मसाला घेतं ते चवीला, आणि चव बिघडली तर दुकानदार पाकिटं परत पाठवतो, त्याला कोणी बनवला याच्याशी काही देणंघेणं नसतं. देणगी द्या म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, देणगीतून पीएफ कापला जातो का, पहिल्या पगारातून कोणी आईला साडी आणू शकतं का?

त्या आईला मी काल फोन केला. म्हटलं त्रास तो नसला की होतो, परवा तापाने घरी होता तर रंगाच्या वजनांवर दुसरा माणूस बसवायला अर्धा दिवस गेला. मग तिने हळूच विचारलं, सव्वासातची एसटी बंद होणार म्हणतात, मग कसं? ही खरी अडचण आहे, दिव्यांगांना एसटीच्या तिकिटात मिळणाऱ्या ७५ टक्के सवलतीचा काय उपयोग गाडीच नसेल तर. मी दिरांना सांगितलंय, एसटीची वेळ बदलली तर आपली पॅकिंगची वेळ बदलायची, आणि यावेळी ते काही न बोलता हो म्हणाले.