कूपनाला देणगी म्हटलं म्हणून सोडत बदलत नाही

गणपती जवळ आले की मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक आमच्याच नव्या खजिनदाराकडून, खाली हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: नोंदणीकृत मंडळाला लॉटरीचा कायदा लागत नाही; तिकिटावर 'देणगी कूपन' छापा; एक सोपा प्रश्न टाका, म्हणजे ती ज्ञानस्पर्धा होते; धर्मादायची परवानगी पुरते; आणि बक्षीस वस्तूचं असेल तर कर नाही. परळच्या एका मंडळाचे हिशेब मी बारा वर्षं लिहिलेत. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी 'देणगी'चं बघू. मेसेजसोबत कूपनाचा नमुनाही जोडलाय. गुलाबी कागद, मधोमध छिद्रांची रेघ, डावीकडे नाव-मोबाइल लिहून मंडळानं फाडून ठेवायचा तुकडा, उजवीकडे 'देणगी मूल्य ₹५०' आणि स्कूटरचं चित्र. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्यानं व्याख्या करतानाच सांगून ठेवलंय की स्वरूप कुठलंही असो, नाव काहीही द्या. तिकीट विकत घेतलेल्यांमध्ये नशिबावर बक्षीस वाटलं की ती लॉटरी. ५० रुपये न देणाऱ्याची चिठ्ठी डब्यात पडते का? नाही ना? मग ती देणगी कसली! वर्गणीची पावती घेणारा कधी स्कूटर मागत नाही.

प्रश्नाची युक्ती तर फारच जुनी. नमुन्यातला प्रश्न आहे, 'भारताचा राष्ट्रीय पक्षी कोणता?' मोर सगळेच लिहिणार, मग डबा हलवून चिठ्ठी काढणार. निकाल मोरावर लागला की चिठ्ठीवर? शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून मुंबई सरकारचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, त्याचा निकाल १९५७ चा. जिंकणं कौशल्यावर ठरतं की नशिबावर, हा फरक तेव्हापासून पक्का आहे. रांगोळी, वक्तृत्व, पाककृती यांना प्रवेश फी घ्या, परीक्षक बसवा, बक्षीस द्या. ती सोडत होत नाही. पैठणीचे खेळ फुकट प्रवेशावर ठेवलेत तर तिथे तिकीटच नाही.

धर्मादाय आयुक्तांची '४१-क' परवानगी वर्गणी गोळा करण्यासाठी असते, सोडतीशी तिचा संबंध नाही. नोंदणीचंही तेच. 'राज्य लॉटरी चालते ना?' असं कोणीतरी म्हणतंच. ती १९६९ पासून सरकार चालवतं, आणि केंद्रीय कायद्यानं ती मुभा राज्य सरकारांना दिलीय. अनधिकृत सोडतीसाठी जागा चालवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि नुसती जाहिरात केली तरी पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे नाक्यावरचा स्कूटरचा फ्लेक्स हाच पुरावा, आणि त्यावर अख्ख्या कार्यकारिणीचे हसरे फोटो.

कराच्या बाबतीत आम्ही पोळलोय. अक्कल नव्हती तेव्हा आमच्या मंडळानंही अशी सोडत काढली होती. दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर, आणि बक्षीस वस्तूचं असेल तर तो भरल्याची खात्री करूनच वस्तू हातात द्यायची, ही जबाबदारी देणाऱ्याची. स्कूटर नव्वद हजारांची, म्हणजे सत्तावीस हजार. विजेत्या वहिनी म्हणाल्या, 'फुकट मिळाली म्हणून टाळ्या वाजवल्या, आता पैसे कसले मागता?' दिवाळी उलटेपर्यंत स्कूटर चाळीच्या जिन्याखाली ताडपत्रीत उभी होती.

गंमत अशी की खरी सवलत आहे, आणि ती मेसेजमध्ये नाहीच. राज्याचा १९५८ चा लॉटरी कायदा सरसकट सोडती बेकायदा ठरवतो, पण मेळावा, आनंदबाजार, क्रीडामहोत्सव अशा कार्यक्रमाचा भाग म्हणून काढलेल्या छोट्या सोडतीला वाट ठेवतो. अटी मात्र कडक. रोख बक्षीस नाही. कूपन कार्यक्रमाच्या जागीच आणि कार्यक्रम चालू असतानाच विकायचं, निकालही तिथेच लावायचा. खर्च वजा जाता पैसा कोणाच्या खिशात जाता कामा नये. आणि सोडत हेच लोकांना खेचायचं मुख्य आमिष असू नये. महिनाभर आधी दारोदार, दुकानोदुकानी कूपनांची पुस्तकं वाटलीत की ही वाट बंद.

खजिनदाराला म्हटलं, कोजागिरीला गच्चीवर गाण्याचा कार्यक्रम आहेच, दूध आटेपर्यंत तिथेच कूपन विक, तिथेच काढ, बक्षीस मिक्सर ठेव. तो म्हणाला, 'काका, पण स्कूटरचा अ‍ॅडव्हान्स दिलाय.' आज दुपारी तो परत मागायला शोरूमला गेलाय, पावती घेऊन.