"दंड तेवढे झाकून घाल"

आज सकाळी भाचीचा फोन आला. (तिला विचारूनच लिहितोय.) रविवारच्या हळदीला येत नाही म्हणाली. सख्ख्या मावसभावाची हळद, गंगापूर रोडच्या लॉन्सवर, आणि सगळ्यांच्या मागे लागून पिवळे कपडे हिनेच ठरवलेले. कारण काय, तर घरातल्याच एका मोठ्या बाईंनी तिचा बिनबाह्यांचा ब्लाउज बघून सांगितलं, "बारीक झालीस ते छानच झालं, पण हे दंड तेवढे झाकून घाल बाई, लोंबतात."

तेवीस वर्षांची मुलगी आहे. दीड वर्षापूर्वी तिचं बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याचं, ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढून टाकला त्यात. नंतर काही आठवडे पातळ पदार्थांवर राहायचं, व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर. मध्यंतरी केस मुठीमुठीने गळले तेव्हा रात्री-बेरात्री मला मेसेज करायची. ४५ किलो उतरले. पाळीचे जे हाल होते ते थांबले. जिना चढताना आता तिला दम लागत नाही. आणि एवढं सगळं समोर असताना बाईंना दिसलं काय, तर दंड!

दिवसभर डोकं फिरलंय माझं.

मी स्वतः १३१ वरून ७९ वर आलो, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तुम्ही मला बघितलंय. सुरुवातीला एक फेरी मारून बाकावर बसणारा मी. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पाठीवर थाप दिलीय. पण पोटावर, छातीवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला जी कातडी उरली, ती शर्टाच्या आत असते म्हणून तुम्हाला दिसत नाही. ती चारचौघांत दिसली ती एकदाच, रामकुंडावर. अण्णांच्या दहाव्याला.

क्षौर झालेलं, कमरेला ओलं धोतर, बोटात दर्भाची पवित्री, बाकी अंग उघडं. पिंडावर पाणी सोडायला वाकलो की पोटाची घडी धोतराच्या गाठीवरून पुढे यायची. पिंड ठेवले, कावळा काही शिवेना. सगळे शांत उभे. आणि त्या शांततेत मागून आवाज आला, "याला काही झालंय का रे? मोठा आजार वगैरे?" दुसरा म्हणाला, "नाही रे, वजन उतरवलंय त्याने. पण कातडं बघ ना कसं झालंय."

बाप गेलाय माझा. मी त्याला जेवू घालायला उभा आहे. आणि तुम्ही माझं पोट बघताय?

तेव्हा बोललो नाही. आज भाचीच्या निमित्ताने बोलतो.

कातडी म्हणजे काही इलॅस्टिक नव्हे, की सोडलं आणि जागेवर आलं. तिच्यात कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू असतात. वर्षानुवर्षं ताणलेली राहिली की ते तुटतात, आणि तुटलेलं सगळं पुन्हा जुळत नाही. वय वाढलेलं असेल, सिगारेट असेल, तर आणखीनच कठीण. आमच्या आळसाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. "जरा क्रंचेस मार" म्हणणाऱ्यांनो, व्यायामाने स्नायू भरतात, थोडा फरक पडतो, मी वजनं उचलतो म्हणून मला माहीत आहे. पण जादा कातडी व्यायामाने जळत नाही, कारण ती चरबीच नाही. आणि ती क्रीमं, तेलं, पोटाला बांधायचे पट्टे विकणारे! भाचीने त्यांच्यावर पहिल्या पगाराचे पैसे घातले. ताणून तुटलेली कातडी वरून चोळून मागे येत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक असतं, तरी विकतात. चीड येते मला या लोकांची.

"मग ऑपरेशन करून काढून टाका ना." हे तर असं सांगतात, जणू न्हाव्याकडेच जायचंय. पोटाची कातडी काढायची म्हणजे कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर. नंतर नळ्या, कित्येक आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, आणि व्रण जन्माचा. वजन काही महिने स्थिर राहिल्याशिवाय चांगला सर्जन हातही लावत नाही. दंडांचं वेगळं, मांड्यांचं वेगळं. विम्याचं म्हणाल तर वजनाच्या ऑपरेशनला तो अटींवर तरी मिळतो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा जास्त हवा, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार. कातडीचं आलं की बहुतेक वेळा "कॉस्मेटिक" म्हणून फाइल परत.

हो, ज्यांना घडीत घाम साचून बुरशी होते, चिघळतं, चालताना सोलवटतं, त्यांनी जरूर करावं, तो इलाजच आहे. एप्रिल-मेमध्ये मलाही घडी पुसून कोरडी ठेवावी लागते, पावडर लावावी लागते. आणि दिसण्यासाठी कुणाला करावंसं वाटलं तर तेही त्याचं त्याने ठरवावं. मान्य. पण घरच्या बायकांच्या, ट्रॅकवरच्या मित्रांच्या शेऱ्यांना कंटाळून माणसाने अंगावर सुरी घ्यायची?

अण्णांना साखर होती. आधी पायाचा अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. तेव्हा ते मला एकच म्हणाले होते, "तू माझ्या वाटेने येऊ नकोस." मी त्यांच्यासाठी चालायला लागलो. माझी साखर ताब्यात आली, गोळ्या निम्म्यावर आल्या, ते सगळं त्यांनी बघितलं. शेवटच्या दिवसांत त्यांना अंथरुणात पुसून काढताना माझा शर्ट भिजला म्हणून काढून ठेवला, तर त्यांनी माझ्या पोटाची घडी दोन बोटांत धरली, थोडी उचलून बघितली आणि म्हणाले, "रिकामी झाली रे पिशवी. बरं झालं."

हे आत्ता लिहितानाही डोळे भरून आले. रामकुंडावर ज्यांना ती घडी किळसवाणी वाटली, त्यांना मी काय सांगणार होतो? ज्याच्यासाठी आपण तिथे जमलो होतो त्याने ती हातात घेतली होती.

काही लोक काळजीपोटी बोलतात, हे मला कळतं. त्या बाईंनीही या मुलीला लहानपणी मांडीवर खेळवलंय. पण वीस वर्षं जिला "जाडे" म्हणून हाक मारली, ती बारीक झाल्यावर तरी तिच्या अंगावरून बोलणं थांबवाल की नाही?

भाचीला मी एवढंच सांगितलंय की ब्लाउज तोच घाल, नसेल घालायचा तर दुसरा घाल, पण ये. आली नाही तरी मी रागावणार नाही. पुढेमागे तिला स्वतःला वाटलं की दंडांचं ऑपरेशन करायचंय, तर डॉक्टरांकडे मी सोबत जाईन आणि पैशांचं आपण बघू, तिच्या आईलाही हेच सांगून ठेवलंय.