मिनिटाला 6 श्वास आणि मेंदूचं ‘री-वायरिंग’

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. मिनिटाला 6 श्वास घ्या, मेंदूला दुप्पट ऑक्सिजन मिळतो, 5 मिनिटांत मेंदूचं ‘री-वायरिंग’ होतं, म्हणजे आतल्या जोडण्या नव्यानं बसतात, अमेरिकेत एमआरआयनं सिद्ध झालंय, अल्झायमर जवळ येत नाही, बीपीच्या गोळ्या फेकून द्या. मी स्वतः रोज सकाळी संथ श्वसन करतो, म्हणून जरा जास्तच चिडलो.

आधी ऑक्सिजन. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये पडला असेल, सेल बदलून बोटाला लावा. धडधाकट माणसाला रक्तातला ऑक्सिजन 97-98 टक्के दिसेल. आता पाच मिनिटं संथ, खोल श्वास घ्या. 98, फार तर 99. भांडं आधीच काठोकाठ भरलेलं, दुप्पट मावणार कुठे? उलट भराभर, जोरात श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथला रक्तपुरवठा घटतो. गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, ते यामुळेच. प्राणायामाचं मोल जादा ऑक्सिजनमध्ये नाही, हे तर 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीच सांगून ठेवलंय.

मग संथ श्वासानं होतं काय? मनगटावर नाडी धरून बघा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना रेंगाळतात. दुसरीकडे, रक्तदाब वर-खाली झाला की मानेतल्या धमनीतून मेंदूला खबर जाते आणि मेंदू ठोके आवरतो किंवा वाढवतो. या जा-ये करण्याचा फेरा साधारण 10 सेकंदांचा. श्वासही 10 सेकंदांचा केला, की झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावल्यासारखं होतं, ठोक्यांतला चढउतार मोठा होत जातो. बायोफीडबॅक म्हणजे कानाला क्लिप लावून हीच लाट स्क्रीनवर पाहत श्वास जुळवणं. आणि 6 हा काही मंत्राचा आकडा नाही. कुणाचा ताल साडेचारला जुळतो, कुणाचा साडेसहाला. इटलीतले संशोधक बर्नार्डी यांच्या गटानं 2001 साली दाखवलं होतं, की लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हटली काय किंवा ‘ॐ मणि पद्मे हुं’ म्हटलं काय, श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो.

‘एमआरआयनं सिद्ध’ हे अर्धंच खरं. अशा अभ्यासांत वापरतात तो एमआरआय पेशींचं काम थेट बघत नाही, रक्तातले बदल बघतो. आणि श्वास बदलला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो, म्हणजे चित्रही बदलतं, मेंदूनं काही वेगळं केलं नाही तरी. त्यामुळे श्वसन चालू असताना काढलेली रंगीत चित्रं मी फारशी मनावर घेत नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मारा मॅथर यांच्या गटानं केलेलं काम मात्र नीट वाचण्यासारखं आहे. एकूण 106 निरोगी तरुण, दोन गट, सराव पाच आठवडे. एका गटानं बायोफीडबॅक लावून संथ श्वसन केलं, आणि समोर तुलनेला दुसरा गट, ज्याला ठोक्यांतला चढउतार कमी करायला शिकवलं. सरावाआधी आणि नंतर, नुसतं पडून असताना स्कॅन काढले. मेंदूतल्या भावना सांभाळणाऱ्या भागांमधल्या जोडणीत या दोन गटांमध्ये फरक दिसला, पण लहान ते मध्यम. पाच आठवडे, पाच मिनिटं नव्हेत!

अल्झायमरची गोष्टही तिथूनच उचललेली. 2023 साली मॅथर यांच्याच गटानं छापलं, की संथ श्वसन करणाऱ्यांच्या रक्तातलं अमायलॉइड-बीटा (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) उतरलं, दुसऱ्या गटाचं चढलं. मोजलं ते रक्तातलं. कुणाचा विसराळूपणा टळला का, हे त्या अभ्यासात पाहिलेलंच नाही.

राहिल्या गोळ्या. संथ श्वसनानं बीपी थोडं उतरतं, खरं आहे. पण काही गोळ्या एकदम थांबवल्या तर ते उसळून वर येतं. ग्रुपवर ही एवढीच ओळ मी त्याच रात्री घाईनं टाकली होती. बाकीचं आज सावकाश लिहिलं.