पेपर किती ते विचारून झालं, आता ताईंना फोन लावा

गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या (पुण्यातलंच, नाव राहू दे) संशोधन पुरस्काराच्या निवड समितीवर होते. विषय माहिती प्रणाली. म्हणजे कॉम्प्युटर-मोबाइल माणसांच्या कामात शिरले की कामाचं आणि माणसांचं काय होतं, त्याचा अभ्यास. पुरस्काराच्या नावात ‘सामाजिक प्रभाव’ असे भारदस्त शब्द, पण गुणांच्या तक्त्यात 100 पैकी 70 पेपर आणि सायटेशनला (म्हणजे आपल्या पेपरचा इतरांनी किती ठिकाणी दाखला दिला त्याला). उरलेल्या 30 साठी ‘लाभार्थींचं पत्र’ जोडायचं. दोन वेगवेगळ्या अर्जांतल्या पत्रांत ‘सदर ॲपमुळे गावाचा कायापालट झाला’ हे वाक्य काना-मात्रेसकट सारखं होतं. एकाच झेरॉक्सच्या दुकानात टाइप झालं असावं.

पहिल्या नंबरावरचं ॲप वेल्ह्याकडच्या आशाताईंसाठी, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांसाठी होतं. योगायोगानं त्या भागात माझं जाणं झालं होतं. ताईंनी पिशवीतून आधी काढली ती वही. प्लॅस्टिकचं कव्हर, कोपरे दुमडलेले, गरोदर बायांच्या नावांपुढे लाल पेनानं खुणा. “ॲप चांगलंय मॅडम, पण वही सुटली नाही. दिवसा वहीत लिहायचं, रात्री भांडी झाली की मोबाइलमध्ये, महिनाअखेरीला परत रिपोर्टच्या कागदावर.” पेपरात मात्र ‘वापराचं प्रमाण उत्तम’. खोटं नाही ते. रोज रात्री भरलं जातंच की!

त्याच तक्त्यात शेवटून दुसरी एक पीएचडीची मुलगी होती. तिनं हाच त्रास पाहून महिन्याचा रिपोर्ट ॲपमधूनच छापून निघेल एवढं केलं, आणि तो छापील कागद चालेल असं वरच्या साहेबांकडून लेखी आणलं. ती सही मिळायला आठ महिने गेले. मला विचाराल तर खरं संशोधन त्या आठ महिन्यांत आहे. कागद कुणाच्या टेबलावर अडतो, का अडतो, आणि आकडा चुकला तर बोलणी कोण खातं, हे सगळं तिनं मांडलंय. नियतकालिकानं ‘नावीन्य नाही’ म्हणून परत पाठवलं.

वारणेचं उदाहरण आपल्या घरचं आहे. 1998 मध्ये वारणा खोऱ्यातल्या गावागावांत कॉम्प्युटर बसवायचा मोठा प्रकल्प आला. पुढे संशोधकांनी जाऊन पाहिलं, तर शेतकऱ्यांना त्यातून मुख्यतः साखर कारखान्याचेच व्यवहार हवे होते. मग सात गावांत कॉम्प्युटरऐवजी मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले, आणि काम भागलं. ‘यंत्र कमी करा’ असं सांगणाऱ्या अभ्यासाला आमच्या तक्त्यात किती गुण पडले असते?

नुसते पेपर मोजण्याची फळं पुणेकरांना सांगायला नकोत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य नियतकालिकांच्या यादीत शिरलेल्या सुमार नियतकालिकांची चिरफाड आपल्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी केली, आणि मे 2018 मध्ये यादीतून 4,305 नावं उडाली. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या मूल्यमापनात प्रभावाला 2014 साली 20 टक्के वजन दिलं, 2021 ला 25 केलं. तिथं दावा केला की पुरावाही जोडावा लागतो.

समितीतल्या एका सरांचा आक्षेप होता, “मग निव्वळ सिद्धांतावर काम करणाऱ्यानं काय करायचं?” रास्त आहे. त्याच्यासाठी वेगळा पुरस्कार ठेवा, मी टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत असेन. पण ‘सामाजिक प्रभाव’ अशी पाटी लावल्यावर समाजातल्या एकाला तरी विचारायला हवं ना? आणि तेही संशोधक तिथून निघून गेल्यावर, दोन-तीन वर्षांनी. ॲप अजून सुरू आहे का, पासवर्ड कुणाकडे आहे, बंद पडलं तर ताई कुणाला फोन करतात?

मी शेऱ्यात लिहिलं, निवडीच्या दिवशी प्रत्येक अर्जदाराच्या गावातल्या एका वापरणाऱ्या माणसाला फोन लावून स्पीकरवर ठेवावा. क्लार्क म्हणाले, “मॅडम, फॉर्मला शेऱ्याचा कॉलमच नाहीये.” मग मागच्या कोऱ्या बाजूला लिहून सही केली. पुरस्कार ठरल्याप्रमाणे पहिल्या नंबरालाच गेला.