डाव्या अंगठ्याचं नख

आधीच सांगते, ही पोस्ट सुनेला वाचून दाखवल्याशिवाय टाकलेली नाही. ती दोन ठिकाणी हसली, एका ठिकाणी तिने नुसती भुवई उडवली. तेव्हा "सुनेची बाजू पण ऐका हो" असं कुणी सांगू नये. ऐकलेली आहे. पुष्कळ ऐकलेली आहे.

विषय नेलपॉलिशचा. परवा आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या भजनी मंडळात टाळ बाजूला राहिले आणि यावरूनच अर्धा तास वाजलं. एकीच्या सुनेने बजावलंय की माझ्या मुलीच्या नखांना रंग लावायचा नाही. ती आजी रडवेली. बाकीच्या आज्या एका सुरात: "आता नातीला नटवायचं पण नाही का?" मी गप्प बसले होते, आणि मी गप्प बसले की बायकांना संशय येतो. म्हणून आता लिहून टाकते.

मागच्या नवरात्रातली गोष्ट. माझी नात चिऊ तेव्हा साडेतीन वर्षांची. तिच्यासाठी चणियाचोळी आणायला मी मंगळ बाजारात गेले. बडोद्याबाहेरच्यांना कल्पना यायची नाही, पण नवरात्राच्या आधी न्याय मंदिराकडून तिकडे वळलं की आपण चालत नाही, गर्दीच आपल्याला चालवते. ओढण्या, कवड्यांचे कंबरपट्टे, काळपट चांदीसारखे झुमके. आणि एका लारीवर, म्हणजे हातगाडीवर, नेलपॉलिशच्या बाटल्या. वीसला एक, पन्नासला तीन. मी अर्थातच तीन घेतल्या: लाल, राणी आणि एक चमकीवाली.

घरी आल्यावर चिऊला देवघरासमोर बसवलं. तिथेच का, तर घट बसलेले, नंदादीप तेवत होता, आणि दिव्याकडे बघत ती पाच मिनिटं तरी गप्प बसते. दहाच्या दहा बोटं लाल केली. "फूंक मार" म्हटलं की फुंकर मारायची, पुन्हा हात पसरायची. समोरच्या मासी डोकावून म्हणाल्या, "केवां सरस नख छे!" चिऊने सोसायटीतल्या प्रत्येक दारात जाऊन हात दाखवले. हा आनंद मी खोटा म्हणणार नाही. आज्यांना त्या पाच मिनिटांची चटक का लागते ते मला पक्कं ठाऊक आहे. एवढासा हात आपल्या हातात विश्वासाने पडलेला असतो, आणि हल्लीची पोरं दुसऱ्या कशासाठी तेवढा वेळ हात देतच नाहीत.

आता लाज वाटण्याचा भाग. मी ३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. नेलपॉलिशचा जो पापुद्रा नखावर बसतो तो मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे गन कॉटन या स्फोटक कापसाच्याच घराण्यातला. तो एथिल अ‍ॅसिटेट, ब्यूटिल अ‍ॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेला असतो. लावताना जो गोडसर, नाकात चढणारा वास येतो तो या द्रावकांच्या उडणाऱ्या वाफेचा. ती वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते, आणि पेट घेते. हे मी फळ्यावर लिहून शिकवलंय, परीक्षेत विचारलंय. आणि मीच दीड हातावर नंदादीप असताना बाटली उघडून बसले होते. काही झालं नाही. पण "काही झालं नाही" हे उत्तर मी वर्गात कधी चालवून घेतलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने चिऊचा डावा हात माझ्या तळहातावर ठेवला. चार नखं लाल, कडेने थोडी उडालेली. अंगठ्याचं नख मात्र कोरं, स्वच्छ, धुऊन पुसल्यासारखं. उजव्या हाताची पाचही लालच.

"आई, हे कुठे गेलं?"

एवढंच विचारलं तिने. आवाज चढवला नाही. चिऊ झोपताना डावा अंगठा चोखते हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

घाबरवायचं नाहीये मला. वाळलेल्या पॉलिशचा पापुद्रा पोटात गेला म्हणून लगेच विषबाधा होत नाही. ओल्या बाटलीतलं तोंडात जाणं, डोळ्यात जाणं, हुंगत बसणं हे जास्त वाईट. पण पापुद्रा नीट बसावा, कडक व्हावा, तरी लवचीक राहावा म्हणून त्यात आणखी काही घातलेलं असतं, आणि तिथे प्रश्न येतो. टोल्यूइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्यूटिल थॅलेट हे त्रिकूट पूर्वी सर्रास असायचं. या थॅलेटला युरोपात सौंदर्यप्रसाधनांत बंदी आहे, बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी तिन्ही काढून टाकली आणि तसं बाटलीवर मिरवतातही. माझ्या बाटलीवर काय होतं? एक फूल, आणि इंग्रजीत "फॅशन", त्यातही एक अक्षर कमी. आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे एवढ्याशा बाटलीवरही निदान बनवणाऱ्याचं नाव-गाव आणि कधीपर्यंत वापरायचं ते छापलेलं पाहिजे. भाजीवालीकडून कोथिंबीर घेताना मी देठ मोडून बघते. इथे बाटली फिरवूनसुद्धा बघितली नाही.

"मग लहान मुलांची मिळतात ती आणा, पाण्यातली, सोलून निघणारी," असं भजनी मंडळात एकीने सुचवलं. वासाच्या दृष्टीने ती बरी, मान्य. पण सोलून निघतं म्हणजे साडेतीन वर्षांचं पोर ते सोलणारच, आणि सोललेलं कुठे जाणार ते मी आत्ताच सांगितलं.

मला या सगळ्यात गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटते. १९८४ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या नखांना गुलाबी रंग होता. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, "रंगवलेल्या नखांनी कणीक मळू नकोस, पोटात जातं." मला ते सोवळ्याचं खूळ वाटलं. विज्ञान शिकलेली ना मी! चाळीस वर्षांनी सूनही तेच म्हणतेय, पोटात जातं. मधल्या मधे मीच एकटी निघाले जिला ते कळलं नाही.

पण म्हणून आज्यांनी हात बांधून बसावं असं मी म्हणणार नाही. काजळाचं आठवा. एरंडेलाच्या दिव्यावर काजळी धरून आम्ही ती पोरांच्या डोळ्यांत बोटाने भरायचो. डॉक्टर ओरडले. आम्ही तोंड वाकडं केलं, पण काजळ डोळ्यांतून बाहेर आलं, त्याची तीट झाली, गालावरून कानामागे गेली, आणि चिऊच्या वेळी तर थेट तळपायावर. दृष्टही लागली नाही आणि डोळेही आले नाहीत. नेलपॉलिशचंही आमच्याकडे तेच झालं: हातावरून पायावर. पायाचा अंगठा चोखण्याचं वय तिचं गेलंय. जोवर हाताचं बोट तोंडात जातंय तोवर हात कोरे. खिडकी उघडी, दिवा-गॅस लांब, बाटली नाव-गाव असलेली. इतकं पाळून आजीने खुशाल लावावं, आईला विचारून.

आणि एक अट माझ्यातर्फे, जी मंडळातल्या कुणालाच आवडली नाही. जिने लावलं तिनेच काढायचं.

आपण आज्या काय करतो? रविवारी दुपारी कौतुकाने लावतो. सोमवारी सकाळी सात वाजता शाळेची व्हॅन खाली उभी, बाईंनी नखं तपासायचा दिवस, आणि काढायची कुणी? आईने. एका हातात डबा, दुसऱ्या हातात रिमूव्हरचा कापूस. रिमूव्हर म्हणजे बहुधा अ‍ॅसिटोन. त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते तो) उणे २० अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या साध्या खोलीतसुद्धा ठिणगीची वाट बघत बसलेलं. पोर वळवळतं, तोच हात डोळ्याला नेतं, कातडी कोरडी पडते, चुरचुरते. मी दसऱ्यानंतर त्या नऊ नखांचा रंग स्वतः काढला. लावायला पाच मिनिटं लागली होती, काढायला पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं रडण्याची. चमकीवालं तर निघतच नाही, ते सोसायटीतल्या दुसऱ्या एका आजीला विचारा. (चमकीवाली बाटली मी तिला दिली होती. आता आमचं बोलणं जरा कमीच आहे.)

"त्यापेक्षा मेंदी बरी, नैसर्गिक असते," हे दुसरं पालुपद. आमच्या गुजराती शेजारणींच्या मुली आषाढात गौरीव्रत करतात, पाच दिवस अळणी खातात, जवारे पेरतात, मेंदीने हात भरतात. मलाही ते फार आवडतं. पण काळीभोर रंगणारी "मेंदी" ही मेंदी नव्हे, तिच्यात केस काळे करायचं पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्याने मुलांच्या हातावर फोड उठतात. खऱ्या मेंदीचा रंग केशरी-तपकिरी. आणि ज्या मुलांना जी-सिक्स-पीडी या रक्तपेशी जपणाऱ्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते त्यांना खरी मेंदीही बाधू शकते, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. नैसर्गिक म्हटलं की डोळे मिटायचे, हे धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या माणसाला सांगा.

वाढदिवसाला पार्लरवाली बोलावून पाच-सहा वर्षांच्या मुलींना जेल नेलपॉलिश लावतात, दिव्याखाली बोटं धरून वाळवतात, त्याला मात्र माझा साफ नकार. त्यातल्या काही जेलमध्ये असणाऱ्या टीपीओ नावाच्या द्रव्यावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली. मोठ्यांनी आपापलं बघावं. पोरांना ते घासून काढावं लागतं, एवढंच कारण मला पुरेसं आहे.

मुलग्यांचं विचाराल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीचा पाच वर्षांचा मुलगा आला होता, त्यालाही पायाला निळं हवं होतं. आमचे हे पेपरातून मान वर करून म्हणाले, "अगं, मुलगा आहे तो!" मी कपाटातून ह्यांच्या लेकाचा फोटो काढून दिला. वय दीड वर्ष, फ्रॉक, काजळ, दोन बो बांधलेले, खुद्द ह्यांनीच कमाटीबागेत काढलेला. ह्यांनी पेपर परत वर धरला. निळं लावलं.

पन्नासच्या त्या तीन बाटल्यांपैकी दोन अजून घरात आहेत. फेकवत नाहीत, आपल्या पिढीचा दोषच तो. ह्यांनी त्या माळ्यावरून काढून घरातल्या चाव्यांवर खुणा केल्या. गॅलरीची लाल, गच्चीची राणी. काल चिऊने जुडगा हातात घेतला, एकेक चावी उलटून पाहिली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजी, चाव्यांना हाताला लावलंस का पायाला?"