स्टारलीगचा तक्ता आणि आमचं फिरलेलं डोकं

शनिवारी रात्री स्कोअरचं कुठलंही ॲप उघडा आणि फ्रान्सच्या हँडबॉलमधल्या सगळ्यात वरच्या लीगचा, म्हणजे स्टारलीगचा, तक्ता बघा. पहिल्या संघाचे सामने १८, तिसऱ्याचे १६, सहाव्याचे १७. आणि क्रम कशावर लावलाय? नुसत्या गुणांवर! मग खाली कमेंटा: "अरे, तिसरा संघ गेला की खड्ड्यात." कुठे गेला? दोन सामने कमी खेळलाय तो, बाबांनो.

एकदाच सांगतो, नीट ऐका. विजयाला २ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. १६ संघ, प्रत्येकाचे ३० सामने. म्हणजे हंगामात जास्तीत जास्त ६० गुण. सामने सारखे झालेले नसतील तर मिळवलेले गुण बघायचेच नाहीत, गमावलेले बघायचे. सामन्यांची दुप्पट करा, त्यातून गुण वजा करा. समजा एकाचे १८ सामन्यांत २८ गुण, तर त्यानं ८ गमावले. दुसऱ्याचे १६ सामन्यांत २६, तर त्यानं ६ गमावले. खरा पुढे कोण? दुसरा. एवढी वजाबाकी चौथीतला पोरगा करतो, पण लाखो लोकांच्या फोनमध्ये बसलेल्या ॲपला ती जमत नाही.

सामने मागेपुढे का होतात, तेही काही गूढ नाही. युरोपभरच्या क्लबांच्या दोन स्पर्धा: चॅम्पियन्स लीग बुधवारी-गुरुवारी, युरोपियन लीग मंगळवारी. मग ज्यांना युरोपात जायचंय त्यांचे लीगचे सामने सरकवले जातात. त्यात बरेच हॉल नगरपालिकेचे, तिथे दुसरा कार्यक्रम असला की तारीख बदलली. टीव्हीवाल्यांचं म्हणणं वेगळंच. हे सगळं होणारच, त्याची तक्रार नाही. तक्रार ही की पुढे ढकललेला सामना ॲपवर तीन आठवडे जुन्याच तारखेला लटकलेला असतो. हॉलमध्ये काळं कुत्रं नाही आणि इथे नोटिफिकेशन येतं, 'सामना सुरू होत आहे'.

आता याहून मोठा घोळ. दोन संघांचे गुण सारखे झाले की काय बघतात? ॲप बघतं एकूण गोलफरक. फ्रान्समध्ये आधी बघतात त्या दोघांच्या आपसातल्या लढती: तिथले गुण, मग तिथलाच गोलफरक. हे माहीत नसेल तर हंगामाच्या उत्तरार्धातले अर्धे सामने तुम्हाला कळणारच नाहीत. कळत नाहीत ते नाहीत, वर हसता.

उदाहरणच घ्या. अ संघानं आपल्या घरी ब संघाला ३०-२६ असं हरवलंय. फरक चारचा. आता परतीचा सामना ब च्या हॉलमध्ये, शेवटची ५० सेकंदं उरलीत, आणि अ पाच गोलांनी मागे. सामना गेलाच. तरीही अ चा प्रशिक्षक टेबलावर टाइम-आउटचं हिरवं कार्ड आपटतो. लगेच कमेंटवीर: "आता कशाला? इज्जत वाचवायला?" नाही हो! पाचनं हरला तर आपसातल्या हिशेबात ब एकनं वर. चारनं हरला तर दोघे समसमान. तीननं हरला तर अ एकनं वर, आणि मे महिन्यात दोघे सारख्या गुणांवर आले तर जागा अ ची. त्या ५० सेकंदांत हारजीत ठरत नसते, युरोपचं तिकीट ठरत असतं.

मग तो काय करतो ते बघा. गोलकीपर बाहेर, सातवा खेळाडू आत. सहा बचावपटूंसमोर सात आक्रमक, बहुतेकदा सहा मीटरच्या रेषेवर दोन पिव्हट, म्हणजे बचावाच्या भिंतीत घुसून उभे राहणारे आक्रमक. बचावाला कोणाला तरी मोकळं सोडावंच लागतं. पण मागे ३ बाय २ मीटरची जाळी उघडी. एक पास हुकला, समोरच्या कीपरनं चेंडू उचलून ४० मीटरच्या कोर्टभर फेकला की दोन सेकंदांत गोल. पाचाचे सहा. त्यासाठीच तो टाइम-आउट शिल्लक ठेवलेला असतो. सामन्याला तीनच मिळतात, एका हाफमध्ये दोनपेक्षा जास्त नाहीत, शेवटच्या पाच मिनिटांत एकच. ज्यानं तो ५६व्या मिनिटाला चिडून उडवला, त्याच्या हाती शेवटी काही नाही.

तिकडे ब ला चेंडू मिळाला की तो वेळ काढणार. रेफरीनं पॅसिव्हचा, म्हणजे वेळकाढूपणाच्या इशाऱ्याचा, हात वर केला की २०२२ पासून चारच पास, आधी सहा होते. चारांत शॉट मारायचाच. म्हणजे अ ला चेंडू परत मिळण्याची खरी संधी आहे. एवढं सगळं त्या मिनिटात चाललेलं असतं आणि कॅमेरा काय दाखवतो? प्रेक्षकांतला ढोल. मग वाईड अँगलऐवजी कुणाच्या तरी बाळाच्या कानावरचे हेडफोन. कपाळ बडवून घ्यावं माणसानं!

आणि ते शहाणे वेगळेच, "पॅरिसच जिंकतं, बघायचं काय त्यात?" २०१२ मध्ये कतारचा पैसा आला, २०१३ ला पॅरिस सेंट जर्मेननं लीग जिंकली, २०१४ ला डंकर्कनं मध्येच हिसकावली, आणि २०१५ पासून पॅरिसची रांग लागली. २०२० मध्ये कोरोनानं लीग अर्ध्यावर थांबली तरी अव्वल होते म्हणून विजेते तेच. २०२१-२२ मध्ये तर ३० पैकी ३० जिंकले. मान्य. पण त्याच पॅरिसला चॅम्पियन्स लीग मिळाली का? २०१७ च्या अंतिम सामन्यात मॅसेडोनियाच्या वार्दारनं २४-२३ असं एका गोलानं हरवलं. २०१८ मध्ये कोलोनला शेवटच्या चारांत तीन फ्रेंच संघ होते, आणि अंतिम सामना खेळले माँपेलिए आणि नाँत. करंडक माँपेलिएनं नेला, प्रशिक्षक पातरिस कानायेच्या हाताखाली, जो माणूस १९९४ पासून २०२४ पर्यंत त्याच बाकावर होता. या लीगमध्ये बघण्यासारखं काही नाही म्हणता? बरं, वरचं सोडा. खाली बघा की. शेवटचे दोन संघ प्रोलीगमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, उतरतात. तिथे चौदाव्या आणि पंधराव्या जागेतलं अंतर म्हणजे प्रायोजक, करार, अर्ध्या संघाची नोकरी. ती लढाई मार्चपासून दर आठवड्याला चालते आणि हायलाइट्समध्ये तिला चाळीस सेकंदं मिळाली तरी नशीब.

पण खरा राग जानेवारीवर. डिसेंबरच्या शेवटी लीग थांबते ती फेब्रुवारीत उघडते. मध्ये देशांच्या संघांच्या स्पर्धा: सम वर्षी युरोपियन स्पर्धा, विषम वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप, दरवर्षी जानेवारीतच. अंतिम फेरीपर्यंत गेलेला खेळाडू तीन आठवड्यांत नऊ सामने खेळून येतो. बेरीज करा: लीगचे ३०, चॅम्पियन्स लीगच्या गटातले १४, जानेवारीतले ९, झाले ५३. चॅम्पियन्स लीगचे प्ले-ऑफ, क्वार्टर फायनल आणि कोलोनमधले शेवटच्या चारांचे सामने धरले तर आणखी सहा. फ्रेंच कप आणि देशाचे पात्रता सामने वेगळेच. आणि मधल्या फळीतला, युरोप न खेळणारा संघ? ३० अधिक कप. त्यांच्या पोरांनी जानेवारीभर एकत्र सराव केलेला, वजनं उचललेली, बचावाची नवी मांडणी घोटलेली. म्हणून फेब्रुवारीत मोठे संघ धडपडतात. त्याला लगेच "धक्कादायक निकाल" म्हणायचं. कसला डोंबलाचा धक्का? खांदा आणि गुडघा हे अवयव आहेत, ॲपमधले आकडे नाहीत. मग लांबच्या दुखापती, मग 'जोकर मेडिकाल' म्हणून घाईघाईनं आणलेला बदली खेळाडू, ज्याला संघाच्या खुणा कळेपर्यंत एप्रिल उजाडतो.

२०२३-२४ चा हंगाम तर कळसच. २८ जानेवारीला कोलोनला फ्रान्सनं डेन्मार्कला ३३-३१ असं जादा वेळेत हरवून युरोप जिंकलं. मग लगेच लीग, आणि जुलैच्या शेवटी घरचंच ऑलिंपिक. तिथे क्वार्टर फायनलमध्ये जर्मनीविरुद्ध काही सेकंदं उरलेली, एक गोलची आघाडी, चेंडू फ्रान्सच्या हातात. दिका मेमचा पास हुकला, जर्मनीच्या उशिन्सनं बरोबरी केली, आणि जादा वेळेत ३५-३४ असा खेळ खलास. फ्रान्सच्या दिग्गज निकोला काराबातिचची कारकीर्द तिथेच संपली. लोक मेमला शिव्या घालत बसले. कॅलेंडर बनवणाऱ्याला एक शिवी नाही.

आपल्याकडे बघणाऱ्यांचे हाल आणखी निराळे. २०२३ मध्ये जयपूरला महाराष्ट्र आयर्नमेननं प्रीमियर हँडबॉल लीग जिंकली, तेव्हा बऱ्याच जणांना हा खेळ सापडला आणि ते फ्रान्सकडे वळले. त्यांच्यासाठी: तिथला रात्री ८ चा सामना इथे उन्हाळ्यात ११.३० ला, हिवाळ्यात १२.३० ला. ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात आणि ॲप हमखास एक तास चुकतं. शिवाय १२.३० म्हणजे तारीख दुसरी. शनिवारचा सामना म्हणून शनिवारी मध्यरात्री जागायच्या ऐवजी शुक्रवारी जागलेले कमी नाहीत. आणि लीग शोधायची कुठल्या नावानं? कधी लिडल स्टारलीग, कधी लिक्वी मोली स्टारलीग. प्रायोजक बदलला की जुना फेव्हरिट गायब.

वर हे पुढच्या वर्षांचे करार. नॉर्वेचा सागोसेन पॅरिसकडून खेळत असतानाच २०२० ला जर्मनीच्या कील संघात जाणार हे कितीतरी आधी जाहीर झालं होतं. हँडबॉलमध्ये ही रीतच आहे, त्यात बेईमानी काही नाही. पण ॲपवाले बातमी आल्या दिवशी खेळाडूला नव्या संघाच्या यादीत टाकून मोकळे होतात, आणि शनिवारी तोच माणूस जुन्या जर्सीत आठ गोल मारतो.

किमान एक करा. 'खेळलेले सामने' हा रकाना गुणांच्या शेजारी ठेवा. सध्या तो बोटानं डावीकडे सरकवल्याशिवाय दिसतच नाही, आणि सरकवला की संघाचं नाव जातं.