बारीक कापलं म्हणजे भारी झालं का?

चायनीज पेपर कटिंगचे रील्स हल्ली नुसते धो धो येतायत. ब्लेडने केसाएवढी रेघ कापायची, कागद अलगद उचलून कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि खाली कमेंट्समध्ये सगळे "बापरे काय पेशन्स!" मी पण बघतो, मस्त वाटतं, पण दुसरं रील आलं की पहिल्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

याच्या बरोब्बर उलटा माणूस म्हणजे ल्यू शंगचोंग. १९५२ चा जन्म, शानतोंग प्रांतातला. बीजिंगच्या सेंट्रल अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्समध्ये लोककला शिकला, पुढे तिथेच शिकवलं, २०२२ मध्ये गेला. कात्री आणि लाल कागद घेऊन या बाबाने वर्षानुवर्षं काय कापलं, तर एक छोटा लाल माणूस! हात-पाय फाकवून समोर उभा, बस. नाक नाही, डोळे नाहीत, नक्षी तर नाहीच. कागद उभा दुमडायचा, अर्धाच आकार कापायचा, उलगडला की दोन्ही बाजू सारख्या. असे हजारो माणसं भिंतीवर, छतावर, जमिनीवर चिकटवून अख्खी खोली लाल करून टाकायचा.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो उरलेला कागद फेकत नसे. माणूस कापून काढला की मागे त्याच मापाचं भोक राहतं ना, तेही शेजारी लावायचा, म्हणजे एक माणूस असलेला आणि एक नसलेला. आता हे एकदा डोक्यात बसलं की जात नाही राव.

हा आकार त्याने स्वतः शोधलेला नाही, तसा त्याचा दावाही नव्हता. उत्तर चीनमधल्या खेड्यांत दोन अंबाडे घातलेली कागदी बाहुली फार जुनी. पोर घाबरून आजारी पडलं की त्याचा जीव कुठेतरी भटकायला गेला असं समजायचं आणि ही बाहुली कापून त्याला नावाने परत बोलवायचं. आपल्याकडे आई मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते ना, त्याच जातीचं काम. पाऊस थांबेना झाला तर हातात झाडू घेतलेली कागदी बाई टांगायची, आभाळ झाडून काढायला 😄 ल्यूने हे सगळं शान्शी वगैरे भागात फिरून, म्हाताऱ्या बायकांकडून बघून-ऐकून घेतलं, त्यावर लिहिलं आणि मग गॅलरीत आणलं.

यावर हमखास येणारी कमेंट मला माहितीये: "एवढं तर माझी पोरगी पण कापेल." कापेलच की! त्या गावांतल्या पोरीबाळी कापतच होत्या, खिडकीला लावायच्या, वर्षभरात उन्हाने रंग उडायचा, नव्या वर्षाला परत नवीन. कोणी त्यांना आर्टिस्ट म्हटलं नाही, हा माझा खरा राग आहे. तरी शान्शीच्या शुन्यी भागातल्या कू शूलानचं (१९२०-२००४) नाव तरी झालं. ही बाई गरीब घरातली, रंगीबेरंगी कागदांचे तुकडे थरावर थर चिकटवत जायची, तोंडाने गाणं चालूच. एकदा उंचावरून पडली, बरेच दिवस शुद्ध नव्हती, आणि जागी झाल्यावर म्हणाली, मीच ती फुलं कापणारी देवी. त्यानंतर आयुष्यभर त्या देवीचीच मोठमोठी चित्रं करत राहिली, भरलेला चेहरा, भोवती फुलंच फुलं.

दोघांची कामं शेजारी शेजारी ठेवून बघा एकदा. मला विचाराल तर मी आधी बाईंच्या भिंतीसमोर उभा राहीन, ल्यूची खोली नंतर.